दाईच्या घरट्यांतील पिलूं

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस ओळीनें तीन दिवस सकाळीं आमच्या परसांतील पक्षिगृहाच्या फरशीवर एकेक पिलूं मरून पडलेलें आढळलें. पिलूं म्हणजे तरी काय! डोळे मिटलेले, अंगावर विरळ पांढुरकी लव, आणि सगळा देह एका शेंगदाण्याएवढा. ज्या आडव्या बांधलेल्या मडक्यांत घरटें होतें, त्याच्या तोंडापर्यंत सरपटत येण्याचेंही बळ त्या जिवांत असणें शक्य नव्हतें. त्यांना कोणी तरी चोचीनें उचलून बाहेर टाकलें होतें. आणि टाकणारीं दुसरीं कोणी नसून त्यांचीं जन्मदातीं आईबापेंच होतीं.

आम्हांला अतिशय राग आला. त्या जोडप्यास निराळ्या पिंजऱ्यांत हलवावें आणि पुन्हां म्हणून घरटें देऊं नये, असा विचार आम्हीं घरांत बोलून दाखविला. त्यावर आमच्या मंडळींनीं शांतपणें विचारलें, “बाळंतिणीच्या खोलींत दिवसांतून चार वेळां परकीं माणसें शिरतात, दिवा लावून मूल उघडें करून पाहतात. ती बिचारी काय करील?” हें बोलणें आम्हांस झोंबलें, कारण तें खरें होतें. अंडीं फुटल्याच्या आनंदांत आलेल्या प्रत्येक पाहुण्यास आम्ही तें मडकें खालीं काढून, आंत विजेरीचा झोत टाकून दाखवीत होतों.

हे पक्षी म्हणजे झेब्रा फिंच. आपल्याकडील मुनियांच्याच कुळांतले. लाल चोच, नराच्या गालावर तांबूस ठिपका, गळ्याखालीं बारीक काळ्या रेघा. यांचें मूळ घर ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागांतील कोरडा मुलूख. तेथें पाऊस केव्हां पडेल याचा भरंवसा नाहीं. म्हणून यांच्या विणीलाही ठराविक ऋतु नाहीं. पाऊस पडला, गवताला दुधाळ दाणे धरूं लागले, कीं यांनीं घरटें बांधावयास घ्यावें. पाळणाऱ्याच्या घरीं दाणा बारमास असतो आणि पाणी तर कधींच आटत नाहीं. साहजिकच त्या पांखरांना रोजच सुकाळ वाटतो, आणि मादी एकामागून एक वीण काढीत अक्षरशः झिजून जाते. दोन-तीन विणी झाल्या कीं घरटें काढून घ्यावें, असें जाणते लोक सांगतात तें याचमुळें.

एरवी या जोडप्याचा संसार पाहण्यासारखा असतो. काथ्याची व गवताची काडी बहुतेक नर आणतो, मादी ती आंत बसून रचते. रोज एक याप्रमाणें चार-सहा अंडीं होतात, आणि बारा ते चौदा दिवस उभयतां आळीपाळीनें तीं उबवितात. पिलें निघालीं कीं दाणे स्वतःच्या अन्नपिशवींत मऊ करून तें अन्न पिलाच्या घशांत उतरविण्याचें कामही दोघेंच करितात. मागण्याची रीत मात्र या कुळाची निराळीच. चिमणीचें पिलूं मान उंच करून आ वासतें. हीं पिलें मान पिळून, डोकें उलटें फिरवून, घरट्याच्या तळाशीं दबून तोंड पसरतात. पहिल्यांदा पाहणाऱ्यास त्यांची मान मोडली कीं काय असेंच वाटतें! सुमारें अठरा-वीस दिवसांनीं पिलें बाहेर पडतात, तरी पुढें दोन-तीन आठवडे त्यांना भरवावें लागतें. मादी तोंवर पुष्कळदां पुढच्या अंड्यांवर बसलेली असते. तेव्हां हा भार बहुधा बापाकडेच येतो.

पालन तर अंडें फुटण्यापूर्वींच सुरू होतें. २०१६ सालीं ऑस्ट्रेलियांतील मॅरिएट व ब्यूकॅनन या दोन संशोधिकांनीं असें दाखविलें कीं, हवा सव्वीस अंश सेल्सिअसच्या वर तापली म्हणजे हीं आईबापें उबवणीच्या शेवटच्या दिवसांत अंड्यांना उद्देशून एक विशिष्ट साद घालतात. ती ऐकलेलीं पिलें उष्ण घरट्यांत वाढतांना अंगानें लहान राहतात, आणि पुढें त्यांना संततीही अधिक होते. उष्ण हवेंत लहान अंग सोयीचें. गर्भांत असतांना चक्रव्यूहाची विद्या ऐकणाऱ्या अभिमन्यूची गोष्ट ज्यांच्या घरोघरीं सांगितली जाते, त्या आपणांस याचें नवल वाटूं नये. तरी आम्हांस वाटलें खरें.

मग असे हे दक्ष पक्षी पिलें टाकतात कां? अनुभवी पाळणारे प्रथम जोडप्याचें वय विचारतात. पहिलटकरणी फार लहान असली तर तिचें काम बिघडतें. नंतर ते खाण्याची चौकशी करितात. नुसत्या वाळल्या राळ्यांवर पिलें पोसत नाहींत. मोड आलेले राळे, कोवळें गवत, अंड्याच्या टरफलाची पूड, समुद्रफेस आणि उकडलेलें अंडें हवें. (या शेवटल्या पदार्थापायीं आमच्या घरांत एक निराळें पातेलें आलें असून त्यास स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडण्याची सक्त मनाई आहे.) कधीं पिलाच्या पायांत ओळखीसाठीं घातलेली चकचकीत कडी घात करिते, आईबापें ती परकी वस्तु म्हणून ओढूं पाहतात, आणि कडीबरोबर पिलूंही बाहेर जातें. कधीं सर्वांच्या मागून जन्मलेलें अशक्त पिलूं आपोआपच उपासमारीनें मरतें व मागाहून बाहेर टाकलें जातें. आणि राहिलें आमच्यासारख्यांचें कुतूहल. आमच्या मडक्यांत हें शेवटचेंच कारण घडलें, अशी आमची खात्री आहे.

ही हकीकत ऐकून एका स्नेह्यांनीं, जे स्वतः पुष्कळ वर्षें पांखरें वाढवितात, आम्हांस उपाय सांगितला: “दाई ठेवा.” ही दाई म्हणजे बेंगॉली फिंच. नांव बंगालचें असलें तरी बंगालशीं तिचा संबंध नाहीं. पांढऱ्या पाठीची मुनिया आपल्या सह्याद्रींतही आढळते; तिच्या चीनमधील भाऊबंदांना अठराव्या शतकांत जपानांत नेऊन, पिढ्यानुपिढ्या पिंजऱ्यांत वाढवून, जपानी लोकांनीं हा माणसाळलेला पक्षी सिद्ध केला. ते तिला जें नांव देतात त्याची अक्षरें ‘दहा बहिणी’ अशीं आहेत. आपल्याकडे किलबिलाट करीत घोळक्यानें हिंडणाऱ्या पक्ष्यांस आपण ‘सातभाई’ म्हणतों. त्याची येथें आठवण होते. या दहा बहिणींची ख्याति अशी कीं, अंडें कोणाचेंही असो, त्या बसतात. पिलूं कोणाचेंही असो, त्या भरवितात. दोन नर एकत्र ठेवले तरी तेही संसार मांडून बसतात!

या दाईवर एका जातीचा तर मोठाच भार पडला. उत्तर ऑस्ट्रेलियांतील गूल्ड फिंच हा सर्व फिंचांत रंगानें श्रेष्ठ. पक्षिशास्त्रज्ञ जॉन गूल्ड यांनीं १८४४ सालीं आपल्या दिवंगत चित्रकार पत्नीचें, एलिझाबेथचें, नांव त्यास दिलें. झाडाच्या अंधाऱ्या ढोलींत जन्मणाऱ्या त्याच्या पिलांच्या जबड्याच्या कडेस निळसर मणी असतात. ते किंचित् उजेडांतही चमकून आईबापांना तोंड दाखवितात. ऑस्ट्रेलियानें १९६० सालापासून आपल्या पक्ष्यांची निर्यात बंद केली, तेव्हां युरोप व जपान येथील पाळणाऱ्यांजवळ होते तेवढेच पक्षी उरले. हे पिंजऱ्यांत कच्चे पालक म्हणून प्रसिद्ध. त्यामुळें त्यांचीं अंडीं सर्रास दाईच्या पोटाखालीं सारण्यांत येऊं लागलीं. संख्या वाढली यांत शंका नाहीं. परंतु स्वतःचीं पिलें वाढवूं न शकणाऱ्या जोडप्यांचाच वंश अशा रीतीनें पुढें चालतो, ही अनेक जुन्या पाळणाऱ्यांची तक्रार आम्हांस रास्त वाटते.

याहून गंभीर गोष्ट पुढेंच आहे. संस्कृत कवींनीं कोकिळेस ‘परभृत’ म्हटलें आहे. ती कावळ्याच्या घरट्यांत वाढते, त्याच्या चोचीनें पोसली जाते. पण वसंतांत कंठ फुटला कीं बोलते कोकिळेचेंच. तें गाणें तिला कोणी शिकवावें लागत नाहीं. फिंचाचें तसें नाहीं. त्याचें गाणें शिकून येतें. नरपिलूं सुमारें तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून आपल्याला वाढविणाऱ्या नराचें गाणें ऐकून सांठवितें, मग तान्ह्या मुलासारखें बोबडें बडबडत तें घोटतें, आणि तीन महिन्यांच्या सुमारास तें कायमचें ठरून जातें. मुली गात नाहींत. पण बापाचें गाणें त्यांना ओळखतां येतें. दाईच्या घरट्यांत वाढलेला झेब्रा फिंच दाईच्या नवऱ्याचें गाणें गातो. क्लाउस इम्मेलमान या जर्मन शास्त्रज्ञांनीं १९६० नंतरच्या दशकांत अशीं पिलें वाढवून पाहिलीं. मोठे झालेले ते नर स्वजातीची मादी व दाईच्या जातीची मादी समोर ठेवल्या असतां दाईच्या जातीपुढेंच नाचूं लागत. स्वजातीच्या मादीशीं जोडी जमून पिलें वाढविल्यानंतरही त्यांची ही ओढ सुटली नाहीं. कावळ्यानें कोकिळेस केवळ घांस दिला; दहा बहिणींनीं घांसाबरोबर भाषाही दिली आणि आपलें माणूस कोण हेंही ठरवून टाकलें.

हें वाचून कोणास आपल्याकडील लाल मुनिया धरून आणण्याचा मोह होईल, तर तो आवरावा. देशी मुनिया पकडणें वा पाळणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याविरुद्ध आहे. जिचें शास्त्रीय नांवच अहमदाबाद शहरावरून पडलें, इतका जिचा बाजार एके काळीं भरत असे, ती मुनिया आतां माळावरच पाहावी.

आमच्या त्याच जोडप्यानें दिवाळीनंतर पुन्हां पांच अंडीं घातलीं. स्नेह्यांनीं दाईची जोडी पिंजऱ्यासह आणून ओसरीवर ठेविली होती. तिच्या घरट्यांतही चार दिवसांचीं अंडीं होतीं, म्हणजे अदलाबदलीस मुहूर्त अगदीं योग्य होता. त्या रात्रीं आम्ही पुष्कळ विचार केला. मागचीं तीन पिलें डोळ्यांपुढें होतीं. ह्याही खेपेस तसेंच झालें तर तो दोष सर्वस्वीं आमचा ठरणार होता. सकाळीं दाईची जोडी स्नेह्यांकडे परत पाठविली. मडक्यासमोर जाळीवर जुन्या धोतराचा पडदा सोडला, पाहुण्यांस पक्षिगृहाची वाट बंद केली, आणि दाणापाणी बदलण्याचें काम मंडळींनीं आपल्या हातीं घेतलें. आम्हांस त्या बाजूस जाण्याची परवानगी नव्हती.

बारा दिवसांनंतर मडक्यांतून बारीक आवाज येऊं लागला. सहाव्या दिवशीं एक पिलूं खालीं पडलेलें मिळालें. तें इतरांहून फारच लहान होतें. आणखी पंधरवड्यानें एका सकाळीं तीन पिलें, काळ्या चोचीचीं व आंखूड शेपटीचीं, काठीवर एकमेकांस खेटून बसलेलीं दिसलीं, आणि बाप एकेकाच्या उलट्या मानेंत घांस उतरवीत होता. त्यांतल्या दोघांच्या गालांवर आतां तांबूस ठिपका उमटला आहे. दुपारीं घर निजलें म्हणजे ते अर्धवट तुटक असें कांहीं तरी बडबडतात. मंडळी म्हणतात, त्यांतला एक हुबेहूब बापासारखा शेवट करितो. आम्हांस अजून तो नीटसा ओळखतां येत नाहीं.