एकलहरे परिसरातला वसंत: काय पाहाल, कुठे पाहाल?

एकलहऱ्याची ओळख औष्णिक वीज केंद्रामुळे. पण गोदाकाठच्या या शिवारात फाल्गुन-चैत्रात फिरून पाहावे. द्राक्षांची काढणी चालू असते, रान वाळत असते आणि नेमके तेव्हाच झाडे फुलतात, पाखरे घरटी करतात. आपला वसंत कोरड्या दिवसांतच येतो.

निष्पर्ण झाडांची फुले

काटेसावर आणि पांगारा आधी पाने गाळतात, मग फुलतात. पळसही बहुतेक उघडाच असतो. आड पाने नसल्याने लाल-केशरी फुले दुरून दिसतात आणि मधासाठी मैना, बुलबुल, शिंजीर गोळा होतात. त्यांच्या चोचीला, डोक्याला लागलेले परागकण पुढच्या झाडावर पोहोचतात. हिवाळी पाहुण्या भोरड्याही परतीच्या प्रवासाआधी इथे मेजवानी झोडतात. रंगपंचमीचा केशरी रंग पूर्वी पळसाच्या फुलांपासूनच करत.

पाडव्यानंतर

चैत्रात कडुनिंबाला बारीक पांढरा, सुगंधी मोहर येतो, करंजाला पोपटी पालवी फुटते. एप्रिल-मेमध्ये बहाव्याचे पिवळे घोस लोंबू लागतात. याच दिवसांत कोकिळाचे कूजन वाढते. गाणारा काळा नर असतो. ठिपकेदार मादी अंडी घालते ती कावळ्याच्या घरट्यात. भर उन्हात ‘टुक्-टुक्’ असा एकसुरी आवाज आला, तर तो तांबट.

बांध आणि नदीकाठ

मातीच्या उभ्या दरडीत वेडे राघू चोचीने बोगदे खोदतात आणि आत अंडी घालतात. टिटवी मात्र उघड्या जमिनीवरच अंडी घालते. ती खड्यांसारखी ठिपकेदार असल्याने पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत.

थोडे पुढे: नांदूरमध्यमेश्वर

गोदावरी पुढे निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वरच्या जलाशयाला मिळते. 1986 साली अभयारण्य झालेले हे ठिकाण 2020 मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाले. चक्रवाक, थापट्या अशी स्थलांतरित बदके पाहायची असतील, तर मार्च सरण्याआधी जा.

पाहताना

सकाळी लवकर निघा. फुललेल्या एकाच झाडाखाली अर्धा तास थांबलात, तरी कितीतरी पाखरे दिसतील. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली, तर घरटे जवळ आहे असे समजा आणि आल्या पावली मागे फिरा. बांधावरचा पाला पेटवण्यापूर्वी आणि दरड खणण्यापूर्वी घरटी आहेत का, हे एकदा जरूर पाहा.