भिंतीत लपवलेली चित्रं

रंगपेटी हातात आली की तुम्ही पहिल्यांदा काय काढता? दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक झोपडी आणि वळणाची नदी! खरं ना? प्राग शहरातल्या १२ वर्षांच्या हेल्गा वाइसोव्हाने काढला होता बर्फाचा माणूस. पण तेव्हा ती घरी नव्हती. डिसेंबर १९४१ मध्ये नाझींनी तिला आईबाबांसह टेरेझिनला आणून ठेवलं होतं. गुन्हा एकच, ती ज्यू होती.

टेरेझिन हे तटबंदीचं जुनं गाव. नाझींनी तिथे ज्यू लोकांना कोंडून ठेवलं. बायका-मुलं एका बराकीत, पुरुष दुसऱ्या. हेल्गाने आपलं चित्र लपवूनछपवून बाबांकडे धाडलं. बाबांचा उलट निरोप आला, आता जे डोळ्यांना दिसतं तेच काढ.

मग तिने तेच काढलं. स्वयंपाकघरापुढची रांग. तीन मजली फळ्यांवर दाटीवाटीने निजलेली माणसं. प्रेतं न्यायच्या गाड्यावरून येणारे पाव! अशी शंभरेक चित्रं. जून १९४४ मध्ये रेड क्रॉसची माणसं पाहणीला आली, तेव्हा नाझींनी गाव रंगवून घेतलं, फुलझाडं लावली, खोटी दुकानं थाटली. गर्दी दिसू नये म्हणून हजारो लोकांना आधीच ऑशविट्झच्या छळछावणीत पाठवून दिलं. पाहुणे फसले. हेल्गाची ती रांग मात्र कागदावर तशीच उभी होती.

यातलं एक चित्र जरा निराळं आहे. मैत्रिणीच्या चौदाव्या वाढदिवसाला द्यायला दुसरं काय असणार? हेल्गाने तिला चित्रच दिलं. त्याचे तीन भाग. पहिल्यात १९२९ साल, एकाच प्रसूतिगृहात शेजारी शेजारी दोन तान्ह्या मुली. दुसऱ्यात १९४३, टेरेझिनच्या फळीवर त्याच दोघी. तिसऱ्यात १९५७, दोघी आई झाल्यात आणि प्रागमध्ये बाबागाड्या ढकलत चालल्यात. ती मैत्रीण पंधरा वर्षांचीही झाली नाही. ऑशविट्झमध्ये गेली.

ऑक्टोबर १९४४ मध्ये हेल्गालाही तिकडे नेलं. निघताना चित्रं आणि डायरी तिने काकांकडे दिली. त्यांनी ती बराकीच्या भिंतीत विटांमागे चिणून टाकली. मे १९४५ मध्ये हेल्गा आणि आई सुटल्या. बाबा परत आलेच नाहीत. चित्रं मात्र भिंतीतून निघाली. हेल्गा पुढे चित्रकार झाली, आणि शाळाशाळांतल्या मुलांना ती चित्रं दाखवून सगळं सांगत राहिली.

पण ज्यांना सांगायला परत येताच आलं नाही, त्यांचं काय? टेरेझिनमध्ये फ्रीडल डिकर-ब्रँडाइस नावाच्या बाई मुलांना चित्रकला शिकवत. मिळेल त्या कागदावर मुलं फुलपाखरं, घरं, बागा काढत. बाईंचा एक आग्रह असे, चित्रावर आपलं नाव घालायचं. बाईंना ऑक्टोबर १९४४ मध्ये ऑशविट्झला नेऊन मारलं. त्याआधी चार हजारांहून जास्त चित्रं दोन सुटकेसांत भरून लपवली गेली. युद्धानंतर त्या प्रागला पोहोचल्या. आज ती चित्रं तिथल्या ज्यू संग्रहालयात आहेत.

नाव घालणाऱ्या मुलांपैकी बहुतेक मारली गेली. पेन्सिलीने लिहिलेली नावं अजून वाचता येतात.