रुग्णालयाच्या कागदावरील सांकेतिक अक्षरें

घरांतील वडील माणसास शस्त्रक्रियेसाठीं नांदेडास किंवा लातुरास नेलें, म्हणजे तेथील कागद वाचण्याचें काम बहुधा शाळेंत जाणाऱ्या मुलाकडेच येतें. त्या कागदांवर उपचाराच्या नांवाशेजारीं कांहीं अक्षरें व आंकडे छापलेले असतात. त्यांचा अर्थ काय, व तो कळल्यानें लाभ कोणता, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रोगांस क्रमांक देण्याची पद्धति जुनी आहे. फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ बर्तियाँ यांनीं १८९३ सालीं मृत्यूच्या कारणांची वर्गवारी मांडली. तिच्यापासूनच वाढत गेलेली रोगांची यादी आज जागतिक आरोग्य संघटना चालविते. परंतु रोगाचा संकेत निराळा व उपचाराचा निराळा. मोतीबिंदु हा रोग होय. तो काढून कृत्रिम भिंग बसविणें हा उपचार होय. पैशाचा हिशेब लागतो तो मुख्यतः उपचाराच्या संकेतावरून.

आपल्या राज्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजीं आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत नांदेड होता. लातूर २०१३ सालीं आला. २०१७ सालीं तिला महात्मा जोतिराव फुले यांचें नांव मिळालें, व २०२० सालीं केंद्राच्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेशीं तिची सांगड घातली गेली. केंद्राच्या यादींत पहिल्या दोन इंग्रजी अक्षरांवरून वैद्यकाची शाखा कळते: 'एसई' म्हणजे डोळ्यांची शस्त्रक्रिया, 'एसबी' म्हणजे हाडांची, 'एमजी' म्हणजे सर्वसाधारण औषधोपचार. पुढील आंकडे त्या शाखेंतील नेमका उपचार दाखवितात.

प्रत्येक संकेतास ठराविक रक्कम नेमलेली असते. राज्याच्या योजनेंत खाट, शुश्रूषा, शस्त्रक्रिया, भूल, तपासण्या, औषधें व रुग्णाचें जेवण हीं सर्व त्या एकाच रकमेंत येतात. म्हणून संकेत मंजूर झाल्यावर त्याच उपचाराच्या औषधासाठीं कोणीं निराळे पैसे मागितले, तर कारण विचारण्याचा रुग्णास अधिकार आहे. तसेंच, योजनेची वार्षिक मर्यादा साऱ्या कुटुंबास मिळून असते. न झालेल्या उपचाराचा संकेत लागला, तर तितकी रक्कम व्यर्थ खर्चीं पडते, आणि त्याच वर्षीं दुसरें कोणी आजारी पडल्यास त्यास ती उणी पडते.

यास्तव सही किंवा अंगठा देण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या: नांव रुग्णाचेंच आहे काय, डॉक्टरांनीं सांगितलेला उपचार व लिहिलेला संकेत एकच आहे काय, आणि त्यांत काय काय अंतर्भूत आहे. शंका असल्यास रुग्णालयांतील आरोग्यमित्रास विचारावें, अथवा १५५३८८ या क्रमांकावर दूरध्वनि करावा. घरीं परतल्यावर कागद फेकूं नयेत.

विद्यार्थ्यांनो, हें विचारण्यांत उद्धटपणा नाहीं. डॉक्टरांविषयीं आदर राखूनही नम्रपणें प्रश्न करतां येतो. ज्यांना वाचतां येत नाहीं, अशा शेजाऱ्यांचे कागदही वाचून द्या. शिक्षणाचा याहून रोकडा उपयोग क्वचितच सांपडेल.