विश्लेषण : नवा मॉनिटर तरी अक्षरे धूसर का? जुन्या संगणकाचे नेमके अडते कुठे?

दहा-बारा वर्षांचा संगणक अजून चालतो, म्हणून अनेक घरांत आणि छोट्या कार्यालयांत फक्त मॉनिटर बदलला जातो. नवा २७ इंची पडदा जोडल्यावर मात्र अक्षरे जाडसर, पुसट दिसतात. गोल चित्र अंड्यासारखे ताणले जाते. ‘आता संगणकच बदला’ असा सल्ला लगेच मिळतो. बहुतेक वेळा तो घाईचा असतो.

नेटिव्ह रिझोल्युशन म्हणजे काय?

जुन्या, मागे पोट सुटलेल्या मॉनिटरवर चित्र कमी-जास्त रेषांत रेखता येत असे. एलसीडी पडद्यावर ठिपके, म्हणजे पिक्सेल, कारखान्यातच पक्के होतात. फुल एचडी पडद्यावर ते १९२० × १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० असतात. क्यूएचडीवर, म्हणजे २५६० × १४४० वर, ३६ लाख ८६ हजार ४००. संगणकाने फुल एचडी चित्र क्यूएचडी पडद्याला पाठवले, तर एक ठिपका सव्वा ते दीड ठिपक्यांवर पसरवावा लागतो. अर्धा ठिपका उजळता येत नाही, म्हणून शेजारचे रंग मिसळले जातात. अनुस्वार, रफार, उकार अशा बारीक खुणांमुळे देवनागरीला त्याचा फटका जास्त बसतो.

संगणकाला पडद्याचे माप कसे कळते?

मॉनिटर ते स्वतः सांगतो. ‘एडिड’ नावाची १२८ बाइटची छोटी ओळखपत्रिका त्याच्यात असते. हे मानक १९९४ मध्ये आले. ती केबलमधूनच संगणकाकडे जाते. स्वस्त व्हीजीए केबलमध्ये त्यासाठीच्या तारा कधी कधी नसतातच. कन्व्हर्टर किंवा स्विच मध्ये असला तरी निरोप अडकू शकतो. मग संगणक १०२४ × ७६८ सारखे जुने, सुरक्षित माप निवडतो. त्यामुळे खर्चाआधी दुसरी केबल थेट लावून पाहावी.

ड्रायव्हरची भूमिका काय?

विंडोज नव्याने टाकल्यावर ग्राफिक्स ड्रायव्हर बसला नसेल, तर ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असे नाव दिसते. अशा वेळी ड्रायव्हर संगणक बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, मॉडेल क्रमांक पाहून घ्यावा. ‘सर्व ड्रायव्हर एका क्लिकवर’ म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नये.

ड्रायव्हर आहे, तरी यादीत आकडाच नाही?

इथे खरी मर्यादा पोर्टची असते. २५६० × १४४० चे चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचे, तर ठिपकेच २२ कोटींवर जातात. ओळींमधली मोकळी जागा धरून सुमारे २४ कोटी. पहिल्या पिढीतील एचडीएमआय आणि सिंगल लिंक डीव्हीआय यांची कमाल क्षमता साडेसोळा कोटी. फुल एचडीला १४ कोटी ८५ लाख लागतात, म्हणून ते आरामात बसते आणि क्यूएचडी अडते. इंटेलच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या कोअर प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स एचडीएमआयवर १९२० × १२०० पर्यंतच जाते. तेच ग्राफिक्स डिस्प्लेपोर्टवर २५६० × १६०० पर्यंत पोहोचते. म्हणजे संगणक तोच, फक्त भोक दुसरे! मॉनिटरलाही डिस्प्लेपोर्ट असेल तर एका केबलवर काम भागते. नसेल तर मधला अडॅप्टर ‘ॲक्टिव्ह’ प्रकारचा हवा. साध्या अडॅप्टरमध्ये बहुधा तीच साडेसोळा कोटींची वेस आडवी येते.

डिस्प्लेपोर्टच नसेल तर?

रिफ्रेश रेट ६० वरून ३० हर्ट्झवर आणला की लागणारी क्षमता साधारण निम्मी होते. ग्राफिक्सच्या कंट्रोल पॅनेलमधील ‘कस्टम रिझोल्युशन’मध्ये, लिनक्सच्या एक्स११ वर ‘एक्सरँडर’ आज्ञेने, हा प्रयोग करता येतो. प्रत्येक मॉनिटर ३० हर्ट्झ स्वीकारेलच असे नाही. माउसचा बाण अडखळत सरकतो. टायपिंग आणि हिशेबाला चालते, व्हिडीओ-गेमला नाही. डेस्कटॉपमध्ये छोटे ग्राफिक्स कार्ड बसवणे हा अधिक नेटका उपाय. मात्र कॅबिनेटची रुंदी आणि पॉवर सप्लाय आधी पाहावा. लॅपटॉपला ती सोय सहसा नसते.

रिझोल्युशन जमले, पण अक्षरे बारीक झाली?

अशा वेळी रिझोल्युशन पुन्हा कमी करणे हीच सर्रास होणारी चूक. विंडोजमध्ये त्याऐवजी ‘स्केल’ १२५ किंवा १५० टक्के करावे. ठिपके तेच राहतात, अक्षरे मोठी होतात. एखादे जुने सॉफ्टवेअर त्यानंतरही धूसर दिसले, तर त्याच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘कंपॅटिबिलिटी’खाली ‘हाय डीपीआय’ची सेटिंग त्या एका प्रोग्रामपुरती बदलता येते.