एका दिवसाचे फूल आणि त्यामागचे हात

जानेवारीचा दुसरा आठवडा आला की सोलापुरात फुलांना उसंत नसते. 12 जानेवारीला शहर आपल्या चार हुतात्म्यांना हार घालते. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना इंग्रज सरकारने 1931 साली याच तारखेला येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिले होते. पाठोपाठ संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेचे नंदीध्वज निघतात. त्याच दिवसांत कुणाकडे निकाह असतो, कुणाकडे बारसे, कुणाच्या दारातून मय्यत निघते. शाह जहूर वलींच्या दर्ग्यावर कुणी फुलांची चादर घेऊन जातो. या सर्वांना लागणारी फुले एकाच बाजारात आलेली असतात, बहुतेक एकाच पाटीतली. हारात गेले की एकाचे नाव वेगळे, चादरीत गेले की दुसऱ्याचे.

फूल आपण रोज पाहतो, पण ते आपल्या हातात येईपर्यंत काय घडते ते फारसे कुणी पाहत नाही. आमचेही लक्ष तिकडे गेले ते वर्गातल्या एका मुलीमुळे. पहिल्या तासाला तिचे डोळे मिटायचे. बोटांची टोके हिरवट, आणि करंगळीवर दोरा ओढून ओढून पडलेला वळ. पालकसभेला तिची आई आली तेव्हा उलगडा झाला. ती म्हणाली, "टीचर, लगनसराई है ना. तीन बजे फुलां आते, सात के अंदर हार देना पडता." घरातले पाच जण हार गुंफायला बसत, त्यांत ही मुलगी सर्वांत चपळ. गणितातही तीच पुढे. पावशेर, सव्वापाव, शेकडा, दीड शेकडा हे हिशेब बाकीची मुले वहीत मांडायची, ती तोंडी सांगायची. झोप तेवढी पुरत नव्हती. तेव्हापासून हा बाजार मुळातून पाहायचे आम्ही मनात ठेवले होते.

आपल्या गावचा बाजार

सोलापुरात मधला मारुती, टिळक चौक हा भाग सणासुदीला झेंडूने पिवळा होतो. पण ती किरकोळ विक्री. खरी उलाढाल पहाटे होते, अजान व्हायच्या आधीपासून. आसपासच्या तालुक्यांतून टेम्पो, मोटारसायकली येतात. मागच्या सीटवर गोणी, पुढच्या टाकीवर गोणी, मधे शेतकरी. झेंडू, शेवंती, गुलाब, निशिगंध, अॅस्टर आणि आपल्याकडचा गलांडा. गोणी उघडली की आडत्या आत हात घालून तळातली फुले वर काढतो, कारण वरची फुले नेहमीच चांगली असतात. तळ ओला निघाला की भाव लगेच उतरतो.

ऊस पिकवणाऱ्या या जिल्ह्यात अर्धा एकर फुले का लावायची, याचे उत्तर एका शेतकरी दादांनी फार सोपे दिले. उसाचे पैसे वर्षातून एकदा येतात, फुलाचे पैसे दर दोन-चार दिवसांनी. मुलांच्या फीला, दवाखान्याला, दुकानाच्या उधारीला फूल कामाला येते. झेंडूचा आणखी एक उपयोग आहे. त्याच्या मुळांमुळे जमिनीतल्या सूत्रकृमींना आळा बसतो, म्हणून टोमॅटोच्या ओळींत झेंडू लावायची पद्धत आहे.

या बाजारात भाषा मोजायच्या तर मराठी, कानडी, तेलुगू आणि आपली दखनी, चारही एका सौद्यात ऐकू येतात. गजरा हाताने मोजतात, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. कानडी बोलणारे त्याला 'मोळ' म्हणतात आणि ते माप इथे सर्वांना कळते. माणसांची आडनावेही तशीच. फुलारी हे आडनाव आपल्या भागात हिंदूंत आहे आणि मुसलमानांतही आहे. बागवान तर नावातच बाग घेऊन आलेले. धंद्याने दिलेली ही नावे सांगतात की फुलांचे काम इथे पिढ्यान्‌पिढ्या सर्वांनी मिळून केले आहे.

दादरची पहाट

उन्हाळी सुट्टीत भाचीच्या निकाहच्या खरेदीसाठी मुंबईला जाणे झाले. सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री सोलापूर सोडते आणि सकाळी दादरला उतरवते. स्टेशनच्या पश्चिमेला बाहेर पडून काही पावले चालले की आधी वास येतो, मग बाजार दिसतो. सेनापती बापट मार्गावरची मीनाताई ठाकरे फूल मंडई आणि तिच्या भोवतीचे रस्ते, पुलाच्या कडेपर्यंत फुलेच फुले. हमाल डोक्यावर भारा घेऊन 'बाजू, बाजू' करत येतो आणि थांबत नाही. आपणच सरकायचे. पायाखाली देठ, पाकळ्या आणि पाणी.

आम्ही पोचलो तेव्हा घाऊक व्यापार अर्धाअधिक उरकला होता. तो पहाटे चारच्या सुमारास सुरू होतो. इथे फुलाचा पत्ता विचारला की महाराष्ट्राचा नकाशा डोळ्यांपुढे येतो. सोनचाफा वसईचा, मोगरा पालघर-डहाणूकडचा, गुलाब नाशिकचा, झेंडू आणि शेवंती पुणे-साताऱ्याकडची. पुठ्ठ्यात गुंडाळलेले लांब दांड्याचे गुलाब आणि जरबेरा तळेगाव-मावळच्या पॉलिहाउसमधून येतात. गुलाबाची जुडी वीस फुलांची, जरबेऱ्याची दहाची. काही माल थेट बंगळूरहून.

मोगरा तिथे कळीच्या रूपात विकतात, हे मुलांना सांगण्यासारखे आहे. कळी पहाटे मिटलेली असतानाच तोडतात, ती संध्याकाळी उमलते. म्हणजे तोडणी, वाहतूक, सौदा, गुंफण आणि विक्री हे सारे कळी उमलायच्या आत व्हायला हवे. उशीर झाला की गजऱ्यातच पाकळ्या तपकिरी पडू लागतात. मोगऱ्याचा बहर उन्हाळ्यात, म्हणून मे महिन्यात तो हाताला येतो. थंडीत तीच कळी महाग होते. शेवंतीचे उलटे. दिवस लहान होऊ लागले की ती फुलते. काही शेतकरी रात्री शेतात दिवे लावून तिला दिवस मोठा असल्याचे भासवतात आणि फुलणे हवे तेवढे पुढे ढकलतात.

बाजारात सर्वांत जास्त बायका होत्या. कुणी विरारहून, कुणी कल्याणहून पहिल्या लोकलने आलेल्या. दोन-तीन किलो फुले घ्यायची, परतीच्या गाडीत बसल्या बसल्या गुंफायची, आणि उतरल्यावर स्टेशनबाहेर विकायची. एका मावशींना आम्ही विचारले की संध्याकाळपर्यंत गजरे खपले नाहीत तर काय करता. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "घरी नेते, नातीच्या केसात घालते. दुसरं काय करणार?" आपल्याकडे कापडवाला उरलेला तागा कपाटात ठेवतो, वाणी उरलेली डाळ उद्या विकतो. या मावशींचे भांडवल रोज संध्याकाळी संपते आणि रोज पहाटे नव्याने उभे करावे लागते.

भाव कसा ठरतो

नऊ-दहा वाजले की दादरचे बोलणे बदलते. पहाटे जो व्यापारी मान हलवत नव्हता तो आता स्वतःहून हाका मारतो. हॉलंडमधल्या आल्समेर गावी जगातला फार मोठा फूलबाजार भरतो. तिथल्या लिलावाची रीत प्रसिद्ध आहे. भाव वरून सुरू होतो आणि खाली खाली येतो. जो आधी बटण दाबेल त्याला माल. दादरला असे यंत्र नाही, पण चालते तेच. फरक इतकाच की इथे भाव खाली आणणारे घड्याळ म्हणजे डोक्यावर येणारे ऊन.

म्हणूनच दसऱ्याला सोन्यासारखा विकला जाणारा झेंडू चार दिवसांनी रस्त्याकडेला ओतलेला दिसतो. शेतकरी दसरा धरून लागवड करतो. पाऊस लांबला, फुले उशिरा आली किंवा सर्वांची एकदमच आली की तोडणीची मजुरीही निघत नाही. साठवायचे म्हटले तर शीतगृह हवे, आणि सुट्या झेंडूला ते परवडत नाही.

नावांतले पाहुणे

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवत असल्यामुळे फुलांच्या नावांकडे आमचे लक्ष जातेच. फारसीत 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी. 'गुलाब' म्हणजे खरे तर गुलाबपाणी. आपल्याकडे येता येता ते नाव फुलालाच चिकटले. निशिगंधाला उर्दूत 'गुल-ए-शब्बो' म्हणतात, 'शब' म्हणजे रात्र. मराठीने त्याचा 'गुलछबू' केला आणि लाडाने 'गुलछडी'ही म्हटले. शेवंतीला उर्दूत 'गुलदाऊदी' म्हणतात. गुलकंद, गुलदस्ता, गुलबक्षी, गुलमोहर हे शब्द तर कुणाला परके वाटतच नाहीत.

आणखी गंमत म्हणजे झेंडू आणि निशिगंध ही दोन्ही फुले मूळची मेक्सिकोकडची. आज झेंडूशिवाय तोरण होत नाही आणि निशिगंधाशिवाय चादर होत नाही. इतक्या दुरून आलेल्या पाहुण्यांना या मातीने आपल्या सर्वांत पवित्र जागी बसवले.

दिल्लीत मेहरौलीला 'फूलवालों की सैर' नावाचा मेळा भरतो. मुघल बादशहा दुसरा अकबर याच्या काळात, बेगमने मुलासाठी केलेल्या नवसातून तो सुरू झाला. त्यात फुलांचे पंखे ख्वाजा बख्तियार काकींच्या दर्ग्यावर चढवतात आणि योगमाया मंदिरातही. इंग्रजांनी 1942 साली तो बंद केला. स्वातंत्र्यानंतर पंडित नेहरूंनी पुढाकार घेतला आणि तो पुन्हा भरू लागला. त्याचे नाव मात्र बादशहाच्या नावावर नाही, फूलवाल्यांच्या नावावर आहे.

आपल्या घरचा प्रश्न

दादरच्या गर्दीत सेहरा बांधणारे एक वयस्कर चाचा भेटले. मोगऱ्याच्या कळ्या पारखून घेत होते. पूर्वी मे महिन्यात त्यांना रोज दोन-दोन सेहरे असत. आता महिन्यात मोजके. तयार सेहरा डब्यात मिळतो, जरीचा आणि प्लॅस्टिकच्या फुलांचा. तो सुकत नाही, एका भावाचा दुसरा भाऊ घालतो. मुले या कामात आली नाहीत, असे ते म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता, हिशेब सांगितल्यासारखे सांगितले.

आपल्या लग्नांत हे आपण रोज पाहतो. स्टेजवर हजारो खोटी फुले, भाड्याने आणलेली. त्यांवर मोठा खर्च होतो, पण त्यातला पैसा शेतकऱ्यापर्यंत पोचत नाही आणि हार गुंफणाऱ्या घरापर्यंतही पोचत नाही. निकाहला सेहरा जरुरीचा नाही, हे आपण सर्व जाणतो. सजावटच नको असे कुणी ठरवले तर ते उत्तमच. पण सजावट करायचीच असेल तर दिखाव्याच्या मोठ्या स्टेजपेक्षा थोडी ताजी फुले बरी. ती इसराफही कमी करतात आणि चार घरांची चूलही पेटवतात.

कुरआन शरीफच्या सूरह रहमानमध्ये अल्लाहच्या देणग्यांत धान्याबरोबर सुगंधी वनस्पतींचाही उल्लेख आहे. कुणी सुगंधी फूल दिले तर नाकारू नये, कारण ते वाहायला हलके आणि वासाला चांगले असते, या आशयाची हदीस आहे. मजुराची मजुरी त्याचा घाम वाळण्याआधी द्यावी, ही शिकवण तर आपण मुलांना लहानपणापासून सांगतो. गजरेवालीच्या बाबतीत घाम वाळण्याआधी म्हणजे फूल वाळण्याआधी, असे आम्हाला त्या दिवशी वाटले.

भाचीच्या निकाहला मग घरात बराच विचार झाला. तरुण मुलांना स्टेज हवे होते, मोठ्यांना खर्च नको होता. शेवटी स्टेज साधे पडदे लावून केले आणि सेहरा, गजरे, पाहुण्यांची फुले हे काम त्याच हार गुंफणाऱ्या आईला दिले. सामानाचे पैसे आधी, मजुरी त्याच दिवशी. उधारी नाही, वरून घासाघीस नाही. तिची मुलगी आता कॉलेजात वाणिज्य शाखेला आहे आणि घरच्या ऑर्डरी वहीत नीट मांडून ठेवते. तिने आम्हाला दिलेल्या कागदावर फुले, दोरा, टेम्पो आणि मजुरी असे चार वेगळे रकाने होते. मजुरीचा वेगळा रकाना आम्ही प्रथमच पाहिला. एरवी ती मजुरी हाराच्या भावात कुठेतरी बुडालेली असते.

कबरीवर फुले वाहावीत की नाही, यावर उलेमांत मतभेद आहेत, त्यात आम्ही शिरत नाही. पण वाहिलेल्या फुलांचे पुढे काय होते, हे तरी पाहता येईल. दर्गा असो की लग्नाचा हॉल, पिशवीत कोंबून फेकलेली फुले कुजतात. तीच फुले दोरा आणि प्लॅस्टिक काढून खड्ड्यात टाकली तर काही महिन्यांत खत होते. हे काम शाळेतली मुलेही करू शकतात.

वाचक बंधू-भगिनींनो, पुढच्या वेळी गजरा घेताना पाच रुपये कमी करा असे म्हणण्याआधी घड्याळाकडे पाहा. संध्याकाळचे सात वाजले असतील, तर समोरची बाई बहुधा पहाटे तीनपासून जागी आहे, आणि तिच्याकडचा माल उद्यापर्यंत टिकणार नाही, हे आपल्याइतकेच तिलाही ठाऊक आहे. तिने सांगितलेला भाव द्या आणि गजरा घरी न्या.