सहा दिवसांतले दोन मृत्यू

जून २०२३मध्ये सहा दिवसांच्या अंतराने दोन अमेरिकन वारले : १० तारखेला टेड कझिन्स्की, १६ तारखेला डॅनियल एल्सबर्ग. दोघेही हार्वर्डचे. दोघांनीही पुढे आणलेला मजकूर 'वॉशिंग्टन पोस्ट'ने छापला. म्हणून ही आयुष्ये मी शेजारी-शेजारी ठेवून वाचतो.

यंत्रयुगावर रुष्ट झालेला गणितज्ञ कझिन्स्की १९७८पासून बॉम्ब पेरत, टपालाने धाडत राहिला. तिघे मेले, २३ जखमी झाले. प्रबंध छापला तर हत्या थांबवीन, ही त्याची अट. १९९५मध्ये ३५,००० शब्द छापून आले. त्यांतली विचारसरणी सख्ख्या भावाने ओळखली आणि तो पकडला गेला.

एल्सबर्ग यांनी व्हिएतनाम युद्धाचा ७,००० पानी गुप्त अहवाल १९७१मध्ये वृत्तपत्रांना दिला आणि स्वतःहून अधिकाऱ्यांसमोर हजर झाले. ११५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकली असती. मात्र निक्सन यांच्या माणसांनी त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे केलेली घरफोडी उघडकीस आली आणि १९७३मध्ये न्यायाधीशांनी खटलाच रद्द केला.

कायदा दोघांनीही मोडला. त्याची किंमत कोणी मोजायची, हे ज्याने-त्याने ठरवले. कायदेभंग जोखण्याची माझी कसोटी तेवढीच आहे.