वायरिंगचा खर्च फोनवर का ठरत नाही?

मुरुड (ता. लातूर) : तीन खोल्यांच्या घराच्या वायरिंगला किती खर्च येईल, याचे खात्रीचे उत्तर घर पाहिल्याशिवाय देता येत नाही. खोल्या सारख्याच असल्या, तरी खर्च ठरतो तो भिंती, विजेचा भार आणि अर्थिंग यांवर.

या भागातील जुन्या घरांच्या भिंती दगड-मातीच्या व जाड असतात. त्यांत खाचा पाडून पाइप बसविणे अवघड असते. अशा वेळी भिंतीवरून पट्टी न्यावी लागते. दोन किलोवॉटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतो. दिव्यांसाठी टाकलेल्या जुन्या, बारीक वायरवर इतर उपकरणांसह तो चालविल्यास वायर तापून आगीचा धोका संभवतो. जमीन कोरडी पडली, की अर्थिंगचा रोध वाढतो. तो मोजल्यावरच कळतो. अर्थिंग निकामी असल्यास बिघडलेल्या उपकरणाला नुसता हात लावणेही जिवावर बेतू शकते.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनुसार, किरकोळ दुरुस्ती वगळता, असे काम परवानाधारक ठेकेदारामार्फतच करावयाचे असते. त्याच्याकडून आधी पाहणी करून घ्यावी. वायरची जाडी, पॉइंटची संख्या व अर्थिंगचा खर्च स्वतंत्रपणे दाखविणारे लेखी अंदाजपत्रक हाती आल्यावरच दरांची तुलना करणे हिताचे.